परमुलखात गेलेल्यांचा वकील
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातली गावं ओस पडू लागतात. दाराला कुलूप, अंगणात एक म्हातारी, आणि शाळेसाठी मागं ठेवलेली दोन लेकरं. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर इकडची माणसं कोयता घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. देगलूर, बिलोली, धर्माबाद इकडून निजामाबाद आणि हैदराबाद जवळ. तिथं वीटभट्टी, इमारतीचं काम. देवगिरी गाडीनं मुंबई गाठणारे आणि लातूरहून पुण्याला जाणारे ते वेगळेच.

पोटासाठी गाव सोडण्यात कमीपणा काही नाही. पण एक गोष्ट खरी, की गाव सुटलं म्हणजे माणूस निम्मा होतो. इथं मजुरी बुडाली तर चावडीवर चार माणसं बोलतात. सोयरेधायरे उभे राहतात. तिथं काय? भाषा तेलुगू नाहीतर कानडी. पोलीस ठाणं कुठं ते ठाऊक नाही. गुत्तेदार म्हणेल तो हिशोब. अशा वेळी आपल्या बाजूनं कोण बोलणार, तेच आज आम्ही सांगणार आहोत.

नांदेडचा गुरुद्वारा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तिथल्या लंगरात तू कोण, कुठला, असं कोणी विचारत नाही. पंगतीत बसा, जेवा. दूर अमेरिकेत काही ख्रिस्ती मंडळी अशीच एक सेवा करतात, पण ती भाकरीची नाही, कायद्याची. परदेशातून पोटासाठी आलेला, भाषा न येणारा माणूस त्यांच्याकडे जातो. चर्चमधले स्वयंसेवक त्याचे कागद वाचून दाखवतात, अर्ज भरून देतात, कचेरीत सोबत जातात. पैसा घेत नाहीत, किंवा अगदी थोडा घेतात. १९८८ साली तिथल्या कॅथलिक धर्मगुरूंनी या कामासाठी एक मोठी संस्थाच काढली. वकिली न शिकलेला माणूसही तिथं धडे घेऊन आणि सरकारची मान्यता मिळवून परक्या माणसाची बाजू मांडू शकतो. ही सेवा तिथं का लागते? तर देशात राहू द्यावं की बाहेर काढावं, असा खटला परक्या माणसावर चालतो, तेव्हा तिथलं सरकार त्याला आपल्या खर्चानं वकील देत नाही. ज्याच्याजवळ पैसा नाही त्यानं एकट्यानंच उभं राहायचं. म्हणून ही मंडळी पुढं आली.

आपल्याकडं गोष्ट निराळी आहे. गरिबाला पैशापायी न्याय नाकारला जाऊ नये, सरकारनं त्याला फुकट वकील द्यावा, असं कलम १९७६ साली आपल्या राज्यघटनेत घातलं गेलं. त्यासाठी १९८७ साली कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू झाला. म्हणजे जे काम तिथं चर्चची मंडळी करतात, ते इथं आपला हक्क म्हणून मिळतं. तरी पण आपल्यातले किती जण त्या दारात गेले आहेत? हात वर करा म्हटलं तर चार हात वर येणार नाहीत.

ते दार लांब नाही. नांदेडला आणि लातूरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे. नाव मोठं आहे, घाबरू नका. विधी म्हणजे कायदा. तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती असते. तिथं वकिलाची फी नाही, कोर्टाचा खर्च नाही. आणि हे फुकट कोणाला? बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो. लहान मुलाला. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला. अपंगाला. कोठडीत असलेल्याला. बिगारीत अडकलेल्याला. कारखान्यातल्या कामगाराला. बाकीच्यांना वर्षाचं उत्पन्न ३ लाख रुपयांच्या आत असेल तर. आणखी एक गोष्ट या कायद्यात आहे, ती आपल्याच जिल्ह्यांसाठी लिहिल्यासारखी वाटते. भूकंप, पूर, दुष्काळ यांनी नडलेल्या माणसालाही फुकट वकील मिळतो. किल्लारीचा १९९३ सालचा भूकंप आपण विसरलो नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं, तेही विसरलो नाही.

आता उचलीचं बघू. इथं जरा थांबून ऐका.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम आधीच उचल देतो. त्या पैशात लग्न निघतं, दवाखाना निघतो, जुनं देणं फिटतं. मग सहा महिने दोघांनी पहाटेपासून फडात राबायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. किती टन झाले, किती पैसे फिटले, हे मुकादमाच्या वहीत. हंगाम सरला की तो म्हणतो, अजून इतके तुमच्याकडे निघतात. ती बाकी पुढच्या साली, आणि पुढच्या साली पुन्हा तेच. सगळे मुकादम असे असतात असं आम्ही म्हणत नाही. कित्येक जण आपल्याच गावचे, आपल्याच भावकीतले असतात, आणि कधी कधी टोळी पळाली म्हणून तेच बुडतात. पण वही एकाच्याच हाती असली म्हणजे दुसऱ्याला ती खरी की खोटी हे कळायचं कसं?

कायदा असं सांगतो. उचल घेणं-देणं यात गुन्हा नाही. पण उचल फिटली नाही म्हणून माणसाला डांबून ठेवणं, त्याची लेकरं अडकवून ठेवणं, दुसरीकडं कामाला जाऊ न देणं, हा गुन्हा आहे. त्याला वेठबिगारी म्हणतात. १९७६ च्या कायद्यानं ती बंद झाली. असं काम करून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि त्या बिगारीपायी चढलेलं कर्ज माफ होतं, फेडायची गरज राहत नाही. दाद मागायची ती जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा प्रांत साहेबांकडे. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक निकाल दिला. सरकारनं ठरवलेल्या किमान मजुरीपेक्षा कमी पैशात राबवून घेणं, हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे. दिल्लीत आशियाई खेळांची मैदानं बांधणाऱ्या मजुरांचा तो खटला होता. तेही आपल्यासारखेच गाव सोडून आलेले.

त्याच साली आणखी एक घडलं. दिल्लीजवळ फरिदाबादला दगडाच्या खाणी होत्या. तिथं परगावचे मजूर उचलीत अडकले होते. स्वामी अग्निवेश यांच्या बंधुआ मुक्ती मोर्चानं त्यांची हकीकत एका पत्रात लिहिली आणि ते पत्र सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना धाडलं. न्यायालयानं त्या पत्रालाच अर्ज मानलं. माणसं पाठवून खाणींची चौकशी केली, आणि १९८३ च्या डिसेंबरात मजुरांच्या बाजूनं निकाल दिला. एक पत्र, मंडळी! तुम्ही आता जी अक्षरं गिरवता, तसल्याच अक्षरांचं.

म्हणून अक्षर आलं त्याचा पहिला उपयोग इथं करा. कोऱ्या कागदावर अंगठाही नको आणि सहीही नको. घरात दहा रुपयांची एक वही ठेवा. उचल कोणी दिली, किती, कोणत्या तारखेला, कोणाच्या देखत, ते लिहा. कारखान्याचं नाव, गावाचं नाव लिहा. वजनाची चिठ्ठी मिळाली तर जपा, नाही मिळाली तर टनाचा आकडा विचारून रोजच्या रोज लिहा. बाईनं आपलं नाव मजूर म्हणून वेगळं लिहायला लावावं. कोयता दोघांचा आणि हिशोब एकट्या नवऱ्याच्या नावानं, हे आम्हांला पटत नाही.

कामावर हात मोडला, कोणी ट्रॅक्टरखाली आलं, तर भरपाईचा कायदा १९२३ पासून आहे. आता तो नव्या कामगार संहितेत घातला आहे. मुदत दोन वर्षांची. पण दोन वर्षे वाट बघत बसू नका. दवाखान्याचा पहिला कागद हाच मोठा पुरावा असतो, तो टाकून देऊ नका.

काही जण म्हणतील, फुकटचा वकील काय लढणार? यात थोडं खरं आहे, खोटं बोलून उपयोग नाही. काही वकील मन लावून लढतात, काही तारखा घेतात. लक्ष देत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांना अर्ज द्या, वकील बदलून मिळतो. पैसे मागितले तर तेही सचिवांना सांगा. आणि प्रत्येक भांडणाला खटलाच हवा असं नाही. लोकअदालतीत दोघांच्या संमतीनं मिटलं तर तो कोर्टाचाच निकाल ठरतो. त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र घाईनं थोडक्यात मिटवू नका. वही पुढं ठेवा, आकडा समजून घ्या, मगच हो म्हणा.

तेलंगणात अडकलात तर? तिथंही प्रत्येक जिल्ह्यात अशीच कचेरी आहे. फोन १५१०० हा देशभर चालतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि घरी राहणाऱ्या म्हातारीलाही पाठ करून द्या. अर्ज इथल्या तालुक्यात दिला तरी तो तिकडं पाठवता येतो.

या कचेरीनं गावोगाव स्वयंसेवकही नेमले आहेत. ही योजना २००९ पासून आहे. शिक्षक, अंगणवाडीच्या बाई, कॉलेजातली पोरं, असे लोक त्यात असतात. त्यांना कायद्याचे धडे दिलेले असतात. त्यांचं काम अर्ज लिहून देणं आणि सोबत जाणं. अमेरिकेतल्या त्या चर्चच्या मंडळींसारखंच. तुमच्यातल्या कोणाला नीट लिहिता-वाचता येऊ लागलं तर त्यांनीही जिल्ह्याच्या कचेरीत चौकशी करावी.

अर्ज साध्या कागदावर चालतो. तो असा लिहावा :

"मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, लातूर, यांस. मी अमुक, राहणार अमुक गाव. मी अमुक तारखेपासून अमुक ठिकाणी ऊसतोडीला होते. माझी इतकी मजुरी येणे आहे, ती दिली नाही. मला वकील करण्याची ऐपत नाही. मला मोफत वकील द्यावा. सोबत आधार कार्डाची आणि वहीच्या पानांची नक्कल जोडली आहे. सही. तारीख."

नांदेडच्या मंडळींनी लातूरच्या जागी नांदेड लिहावं. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर कचेरीचा शिक्का घेऊन ती जवळ ठेवा. उद्याच्या वर्गात हा अर्ज सगळ्यांनी पाटीवर उतरवून आणायचा आहे. अमुकच्या जागी आपापलं नाव घालून.