वाघीण कुठे आहे, ते आम्हालाही सांगा

(गोंदिया येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मला प्रवासाबद्दल बोलायला सांगितलं आहे. मी काही फार हिंडलेली बाई नाही. नांदायला आल्यापासून वीस वर्षं गोंदियात काढली, पण जिल्हा पाहिला तो गेल्या ऑक्टोबरात. पुण्याची माझी मैत्रीण आली आणि आम्ही दोघीच चार दिवस फिरलो. लग्न नव्हतं, बारसं नव्हतं, नवस फेडायचा नव्हता. नुसता धबधबा आणि जनावरं बघायची होती. निघताना आणि परत आल्यावर मिळून दहा जणांनी तरी विचारलं, "काय काम काढलं होतंत?" बाईने कामाशिवाय बाहेर पडू नये हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पाठ सगळ्यांना आहे. एका मुक्कामी तर खिडकीवरच्या माणसाने आमच्या मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "सोबत जेन्ट्स कोण?" मैत्रीण म्हणाली, "वाघ. उद्या भेटणार आहे." खोली मिळाली.

बाहेरगावच्या मैत्रिणी आज आल्या आहेत, म्हणून सांगते. यायचं तर ऑक्टोबरात या. पावसाळ्यात जंगल पर्यटकांना बंद असतं, उन्हाळ्यात जनावरं दिसतात पण धबधब्यात पाणी राहत नाही. ऑक्टोबरात दोन्ही थोडंथोडं मिळतं. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या गाडीने सालेकसाच्या पुढचं स्टेशन दरेकसा. मुंबई-हावडा मार्गावरचं लहानसं स्टेशन, भोवती डोंगर. तिथून हाजरा फॉल जवळ आहे. कचारगडची गुहाही त्याच भागात, जिथे माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते.

माझी मैत्रीण मुलाकडे गेली तेव्हा दक्षिण अमेरिकेतला इग्वासू पाहून आलेली. ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या सीमेवर पावणेतीनशेच्या आसपास धारा एका ओळीत कोसळतात म्हणे. कोआटी नावाचं लांब शेपटीचं जनावर तिथे प्रवाशांच्या हातातलं खाणं पळवतं. "इथे ते खातं माकडांकडे आहे," मी म्हटलं, तोवर आमचा चिवडा गेलाच होता. आमचा हाजरा इग्वासूपुढे नळाची धार. पण कडेच्या उथळ पाण्यात पाय सोडून आम्ही दोन तास बसलो. स्वयंपाकाचं काय, कुणाचा डबा, याचा विचार न करता सलग दोन तास. तुमच्यापैकी किती जणी शेवटच्या अशा बसल्या होत्या, ते आठवून बघा.

दुसऱ्या दिवशी परसवाड्याच्या तलावाकडे सारस पाहिले. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात, आणि तेही मोजकेच. माणसाच्या उंचीचा पक्षी, धानाच्या बांधीत घरच्यासारखा चालतो. जोडी होती आणि मागे एक पिल्लू. सारसाच्या जोडीचं कौतुक आपल्याकडे फार. एक मेला की दुसरा झुरून मरतो, असं नव्या नवरीला ऐकवतात. पण अंडी उबवायला नर आणि मादी महिनाभर आळीपाळीने बसतात, हे मात्र नवरदेवाला कुणी सांगत नाही!

मग नागझिरा. 1970 साली अभयारण्य झालं, 2013 मध्ये नवेगावसह व्याघ्र प्रकल्प. आम्ही चोरखमारा गेटने आत गेलो. चितळ, सांबर, रानगव्यांचा कळप आणि रस्त्यातच पसरलेले सात रानकुत्रे दिसले. वाघ दिसला नाही. 2023 च्या मे महिन्यात चंद्रपूरच्या जंगलातून दोन वाघिणी इथे आणून सोडल्या, तेव्हापासून येणाऱ्याची आशा वाढली आहे. दोन जिप्सी समोरासमोर आल्या की थांबतात. "कुठे आहे?" "वळणावर ठसे आहेत, ताजे." की निघाल्या गाड्या तिकडे.

परत येताना गेटजवळच्या गावात चहाला थांबलो. चहा देणारी बाई साठीची असेल. तिने विचारलं, "दिसली का वाघीण?" नाही म्हटलं. ती म्हणाली, "तुम्हाले ती कुठं आहे सांगतेत, म्हणजे तुम्ही तिकडं जाता. आम्हाले कोणी सांगितलं, तर आम्ही तिकडं जाणार नाही."

मैत्रीण गप्प झाली. मीही.

ही बाई मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आत मोहफुलं वेचायला जाते. फुलं पहाटे गळतात आणि अस्वलालाही तीच आवडतात. मे महिन्यात तेंदूपत्ता, सत्तर पानांचा एक पुडा. खाली वाकून काम करणारी बाई जनावराला माणूस वाटत नाही, असं ती म्हणाली. 2025 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. वाघ नको असं चहावाल्या बाईने एकदाही म्हटलं नाही, हेही सांगते. जंगलात तो राहणारच, पण तो कुठे आहे ते कळावं, एवढंच तिचं मागणं.

2006 च्या वनहक्क कायद्याने मोहफुलं, तेंदूपत्ता वेचण्याचा हक्क मान्य केला. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा, असंही त्यात आहे. पण जिवंत घरी येण्याची सोय कायद्याने होत नाही, ती रोज पहाटे करावी लागते. जी खबर पर्यटकांच्या गाडीपर्यंत पोचते, ती मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामात आदल्या संध्याकाळी गावात का पोचू नये? दवंडीने, भोंग्यावरून, बचत गटाच्या बाईच्या फोनवर, कशीही.

जंगलालगतच्या गावांतून आज बऱ्याच जणी आल्या आहेत. ग्रामसभेत मांडायचा ठराव मी चार ओळींत लिहून आणला आहे. चहाच्या टेबलाशी प्रती ठेवल्या आहेत. जेवणाआधी तुमच्या गावची एक घेऊन जा, आणि त्यात काही राहिलं असेल तर तिथेच पेनाने लिहा. मोह गळायला लागण्याआधी ग्रामसभा व्हायला हवी.