गाणे, खर्च आणि रोजची नोंद



शाळेच्या स्नेहसंमेलनात माजी विद्यार्थ्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावण्याची जी प्रथा आहे, तिच्यामागे त्या व्यक्तीच्या कर्तृत्वापेक्षा शाळेने तिला काय दिले हे सर्वांसमोर सांगितले जावे, हा हेतू अधिक असतो. प्रस्तुत वक्त्याची कारकीर्द लेखापरीक्षणात, म्हणजे इतरांनी लिहिलेले हिशेब तपासून त्यांच्या खरेपणाची ग्वाही देण्यात गेल्यामुळे संयोजकांनी तरुणांच्या पैशाच्या सवयी हा विषय सुचवला. तथापि या कामाला उपयोगी पडलेल्या दोन सवयी याच इमारतीत जडल्या असल्याने त्यांच्यापासून आरंभ करणे उचित ठरेल.

पहिली सवय संचयिकेची. संचयिका म्हणजे विद्यार्थ्यांना काटकसरीचे वळण लागावे म्हणून शाळेतच चालवली जाणारी छोटी बचत पेढी. 1980च्या दशकात मधल्या सुटीत ग्रंथालयाच्या दारापाशी तिचे टेबल मांडले जाई, नववीतील दोन विद्यार्थी रोखपाल आणि लेखनिक म्हणून बसत आणि रक्कम चार आण्यांची असो वा दोन रुपयांची, ती दिनांक, जमा, काढलेली रक्कम, शिल्लक आणि सही अशा पाच रकान्यांत लिहिली जाई. वर्गशिक्षक शिल्लक स्वतः मोजून पाहत आणि मगच लाल शाईने सही करत. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारावी, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, खोडरबराने काही पुसू नये, असा त्यांचा कटाक्ष असे. पुढे लेखापरीक्षणाच्या अभ्यासात हाच दंडक समोर आला, तेव्हा तो नव्याने शिकावा लागला नाही.

दुसरी सवय संगीताच्या तासाची. त्या वर्गात एकच गाणे तीनदा ऐकवले जाई: एकदा शब्दांसाठी, एकदा चालीसाठी आणि एकदा केवळ ठेक्यासाठी. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणातील 56 गीते 1955 आणि 1956 या वर्षांत आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्यागणिक कशी प्रसारित होत गेली आणि पुढच्या गीतासाठी घरोघरी कशी वाट पाहिली जाई, हे संगीताच्या बाईंनी इतक्या तन्मयतेने सांगितले होते, की वाट पाहणे हाही ऐकण्याचाच भाग असतो हे त्या वयातही उमगले. त्या काळी दुकानदाराला यादी देऊन कॅसेट भरून घेतली जाई. 60 मिनिटांच्या कॅसेटची प्रत्येक बाजू 30 मिनिटांची, म्हणजे सहा-सात गाण्यांची. शेवटचे गाणे मध्येच तुटू नये म्हणून प्रत्येकाची मिनिटे मांडून बेरीज करावी लागे, एक गाणे घालायचे तर दुसरे गाळावे लागे आणि त्या यादीचा खर्च महिन्याच्या कोणत्या रकमेतून निघणार, हेही घरात आधी ठरवावे लागे. निवड आणि हिशेब ही दोन्ही कामे अशा रीतीने एकाच कागदावर होत असत.

आजची व्यवस्था निराळी आहे. स्ट्रीमिंग म्हणजे गाणे विकत घेऊन जवळ न बाळगता इंटरनेटवरून लहान लहान तुकड्यांत येताना ते ऐकणे. यात पैसे गाण्याचे नसून त्या सेवेत प्रवेश मिळण्याचे असतात आणि वर्गणी थांबली की तिच्याबरोबर मिळणाऱ्या सवलतीही थांबतात. ही वर्गणी भरण्याची रीतही बदलली: मोबाइलवरून पैसे देण्याचे यूपीआय 2016 मध्ये सुरू झाले आणि 2020 मध्ये त्यात ऑटोपे, म्हणजे एकदा दिलेल्या संमतीवर ठरलेल्या तारखेला खात्यातून रक्कम वळती होण्याची सोय आली. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2021 पासून अशा वळतीआधी निदान 24 तास ग्राहकाला सूचना देणे बंधनकारक केले, हे ग्राहकाच्या हिताचेच झाले. परंतु ती सूचना वाचणारा कोणी असेल तरच तिचा उपयोग. महिना 100 रुपये धरले तरी वर्षाचे 1,200 आणि दहा वर्षांचे 12,000 होतात. ही रक्कम कलावंतांसाठी खर्च होत असेल तर ती योग्यच आहे आणि फुकट ऐकण्यापेक्षा वर्गणी देणे केव्हाही सभ्यपणाचे आहे. आक्षेप खर्चाला नसून कोणाच्याही ध्यानात न येणाऱ्या खर्चाला आहे. या विषयाचा तांत्रिक भाग येथेच थांबवणे बरे, कारण खरे सांगणे पुढेच आहे.

ते सांगणे एवढेच, की प्रत्येक तरुणाने आपला प्रत्येक खर्च ज्या दिवशी झाला त्याच दिवशी स्वतःच्या हाताने लिहावा. बँकेचे ॲप नोंदी ठेवते हे खरे, पण ती नोंद बँकेची असते. हाताने लिहिताना माणूस क्षणभर थांबतो आणि हा खर्च हवा होता का, हा प्रश्न त्या थांबण्यातूनच निर्माण होतो. वळती झालेली वर्गणी लिहावी, मित्राला पाठवलेले 40 रुपये लिहावेत, चहाचे दहा रुपयेही लिहावेत. त्याच वहीच्या मागच्या पानावर त्या दिवशी मनापासून ऐकलेल्या एका गाण्याचे नाव, गायक, गीतकार आणि संगीतकार यांसह लिहावे. एकामागून एक गाणी आपोआप वाजत राहिली तर दिवसाकाठी पन्नास गाणी कानांवरून जातात, आणि रात्री एकाचेही नाव लिहिता आले नाही तर त्या दिवशी काहीच ऐकले नाही असे समजावे. लिहिण्यावाचून ना पैसा हाती राहतो, ना गाणे मनात राहते.

समोर बसलेल्या पालकांनाही हे लागू आहे. घरचा हिशेब मुलांपासून झाकून ठेवण्याची रीत चांगल्या हेतूने चालत आली असली, तरी किराणा, वीज, दूध आणि हप्ते यांचे आकडे ज्या मुलाने कधी पाहिले नाहीत, त्याच्याकडून काटकसरीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे; महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्वांनी वही घेऊन एकत्र बसावे, हेच श्रेयस्कर. दुसऱ्या रांगेत स्वयंसेवकाचे बिल्ले लावून बसलेले दहावीचे विद्यार्थी दोन-तीन वर्षांत स्वतःचे खाते स्वतः वापरू लागतील. त्यांनी आजच आरंभ केला तर ती वेळ येईल तेव्हा वही तयार असेल. आणि पहिल्या रांगेत ज्या निवृत्त संगीत शिक्षिका बसल्या आहेत, त्यांच्याकडे पाहून एवढेच म्हणता येते, की एक गाणे तीनदा ऐकण्याची शिस्त त्यांनी लावली नसती, तर एकच हिशेब तीनदा तपासण्याचा धीर या वक्त्याला कोठून मिळाला असता, याचे उत्तर सापडत नाही. त्यांना सर्वांसमक्ष वंदन.

थोड्याच वेळात पारितोषिक वितरण होईल. ज्यांच्या हाती पाकीट पडेल, त्यांनी आज रात्री झोपण्यापूर्वी वहीचे पहिले पान उघडून दिनांक, रक्कम आणि ती कशासाठी मिळाली हे जमेच्या बाजूला लिहावे; ज्यांना पारितोषिक मिळणार नाही, त्यांनी येथे येण्यासाठी केलेला खर्च नावे टाकावा. सर्व विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी आणि त्यानंतरच्या आयुष्यासाठी मनःपूर्वक शुभेच्छा.