ट्रॅक्टरचा टायर कधी बदलावा?

साखऱ्याच्या काळ्या रानात नांगरताना मागचं चाक जागीच फिरू लागलं, की आपण इंजिनाला दोष देतो. बरेचदा टायर गोटा झालेला असतो अन् डिझेल फुकट जळत असतं.

एक सोपी परीक्षा करा. मागच्या चाकावर खडूची खूण करा. नांगर उचलून त्याच रानात चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती जातो, ते मोजा. मग नांगर लावून, त्याच गिअरमध्ये, पुन्हा मोजा. आधी ४० मीटर आणि नंतर ३२ भरले, तर घसरण वीस टक्के झाली. पंधरापर्यंत चालते. त्यापुढे गेली तर आधी हवा आणि चाकावरचं वजन तपासा. तरीही फरक पडला नाही, तर मागचे दोन्ही टायर एकदमच बदला.

रेडियल घ्यावा की साधा? रेडियल मातीवर जास्त टेकतो, कमी घसरतो. पण तो महाग, आणि त्याची बाजू नरम. तुरीची धसकटं त्यात घुसली, की पैसे गेलेच म्हणा! धसकटं वेचणं होत नसेल, तर आपला साधाच बरा.

बसवताना टायरवरचा बाण पुढच्या दिशेला आहे ना, हे स्वतः उभं राहून पाहा. उलटा बसला तर नक्षीतला चिखल निघत नाही.