परदेशातील रोकड आणि तिच्यावरील बट्टा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



चिटणीसांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा शिक्षणाचे महत्त्व किंवा विवाहातील अनिष्ट रूढी यांपैकी कशावर तरी आम्ही बोलू, अशी आपली अपेक्षा असावी. त्या विषयांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले आहे. आज आम्ही पैशांविषयी बोलणार आहोत.

आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुले-मुली सांप्रत परदेशी आहेत. त्यांच्याकडे जाणारी वडीलधारी मंडळी आणि थायलंड, दुबई, युरोप पाहून येणारी निवृत्त जोडपी यांची संख्या वर्षागणिक वाढते आहे. मुलाच्या घरी राहताना नातवाच्या खाऊसाठी मुलापुढेच हात पसरणे कोणाही स्वाभिमानी बापास रुचत नाही. यास्तव तो आपले कार्ड घेऊन नाक्यावरच्या एटीएमकडे जातो, आणि निवृत्तिवेतनातून साठवलेल्या पैशांस तेथे नकळत गळती लागते.

ही गळती नवी नव्हे. एका गावचे नाणे दुसऱ्या गावी चालवताना सराफ बट्टा कापीत असे आणि हुंडीवर हुंडणावळ द्यावी लागे, हे आपल्या आजोबा-पणजोबांस ठाऊक होते. सराफ बट्टा तोंडावर सांगे. यंत्र तो बारीक अक्षरांत सांगते, एवढाच भेद. (बार्कलेज बँकेने १९६७ साली लंडनजवळ एनफील्ड येथे पैसे देणारे पहिले यंत्र बसवले. त्याचे जनक म्हणून ओळखले जाणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा, ही गोष्ट विद्यार्थ्यांस सांगण्याजोगी आहे.)

मंडळाच्या वाचनालयात जमणाऱ्या काही स्नेह्यांनी प्रवासाहून परतल्यावर आपापली बँकेची विवरणपत्रे आम्हांस दाखवली. शिक्षकी खोडीनुसार आम्ही हिशेब मांडला. एका वेळच्या रोकडीवर तीन निरनिराळे हात पडतात. पहिला आपल्या बँकेचा ठरावीक आकार, बहुधा शे-दीडशे रुपये. दुसरा चलनबदलावरील अधिभार, शेकडा २ ते ३॥. या दोहोंवर १८ टक्के वस्तू व सेवा कर निराळा. तिसरा हात ज्याचे यंत्र, त्या परक्या बँकेचा.

थायलंडचेच उदाहरण घेऊ. तेथील यंत्रे परदेशी कार्डावर दर खेपेस साधारणतः २२० बाट वा त्याहूनही अधिक आकारतात, मग आपण कितीही रक्कम काढा. २,००० बाट काढणाऱ्यास हा बट्टा शेकडा ११ पडला. १०,००० काढणाऱ्यास शेकडा २.२. आमच्या एका स्नेह्यांनी चोरीच्या भयाने पाच दिवस रोज दोन-दोन हजार काढले आणि १,१०० बाट केवळ यंत्रास वाहिले. एकदाच काढते, तर ८८० बाट वाचते, शिवाय आपल्या बँकेचा आकारही पाच वेळा पडता ना. भय खोटे नव्हे. परंतु त्यावरचा उपाय रक्कम पती-पत्नींनी वाटून घेणे व उरलेली मुक्कामाच्या तिजोरीत ठेवणे हा आहे. इंग्लंडात बँकांच्या बहुसंख्य यंत्रांवर हा तिसरा हात नसतो. अमेरिकेत बहुधा असतो, पण तो पडद्यावर आधी दाखवला जातो. वाचून रद्द करण्यास लाजू नये.

आता ज्या गोष्टीसाठी हे भाषण मुद्दाम योजले, तिच्याकडे वळतो. यंत्र मध्येच अदबीने विचारते : ‘आपल्या खात्यातून रुपयांत रक्कम वळती करावी काय?’ रुपयांचा निश्चित आकडा पाहून आपल्या माणसास हायसे वाटते आणि तो होकाराची कळ दाबतो. येथेच सर्वांत मोठा बट्टा बसतो. त्या आकड्यात यंत्रवाल्याने स्वतःचा दर लावलेला असतो. तो बाजारभावाहून शेकडा पाच-सात, कित्येकदा त्याहूनही महाग असतो, आणि वर आपली बँक आपला आकार घेते तो घेतेच. नकार दिल्यास पैसे मिळणार नाहीत, अशी समजूत अनेकांची, विशेषतः भगिनींची, झालेली आम्ही पाहिली. ती निराधार आहे. ‘विदाऊट कन्व्हर्शन’ किंवा ‘डिक्लाइन कन्व्हर्शन’ ही कळ दाबली तरी पैसे मिळतात; नकार असतो तो केवळ त्यांच्या दराला. दुकानात व उपाहारगृहातही कार्ड घेणारा हेच विचारतो. तेथेही त्या देशाचेच चलन सांगावे.

क्रेडिट कार्डावर रोकड मुळीच काढू नये. तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते.

निघण्यापूर्वी फॉरेक्स कार्ड घेणे बहुतेकांस सोयीचे. भरणा करतानाचा दर कायम राहतो. मात्र ज्या देशी जायचे त्याचेच चलन त्यात भरावे. डॉलर भरून युरोत खर्च केल्यास पुन्हा शेकडा ३॥ पर्यंत बट्टा पडू शकतो. त्यावरही रोकड काढण्याचा आकार असतोच, म्हणून शक्य तेथे कार्डानेच पैसे चुकते करावेत. चलनबदलावर अधिभार न घेणारी कार्डेही हल्ली काही बँका देतात; आपल्या शाखेत चौकशी करावी. थोड्या नोटा येथूनच न्याव्यात, पण विमानतळावरील गाळ्यातून नव्हे. ‘कमिशन नाही’ अशी पाटी दिसली, की खरेदी-विक्रीच्या दरांतील अंतर पाहावे. कमिशन तेथे लपलेले असते. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस येथे काही ठिकाणी आपले यूपीआय चालते, परंतु केवळ त्यावर विसंबून राहू नये.

आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या नियमान्वये १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी चालू करून दिली जातात. परदेशातील वापर आपण स्वतः सुरू करावा लागतो; बँकेच्या अॅपवर तो होतो, न जमल्यास शाखेत होतो. परतल्यावर तो बंद करावा. फॉरेक्स कार्डावरील शिल्लक बँकेस कळवून रुपयांत परत घेता येते. उरलेल्या नोटाही बदलून मिळतात. नाणी मात्र बहुधा कोणी घेत नाही, ती तेथल्याच चहात खर्चावीत.

ज्यांस आपले विवरणपत्र समजून घ्यावयाचे असेल, त्यांनी संमेलनानंतर दर रविवारी सकाळी वाचनालयात यावे. चष्मा सोबत आणावा. अक्षरे फार बारीक असतात.