घराचा पहारा आणि ग्राहकाचे गणित



घरासाठी सीसीटीव्ही कॅमेरा घ्यावयाचा म्हटले की दुकानात पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा मेगापिक्सेलचा. हा बाजार आमच्या अर्थशास्त्रातील एका सिद्धांताचे बोलके उदाहरण आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींचा दाखला घेऊन असे दाखवले, की मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक असेल आणि ग्राहकाला नसेल, तर चांगला माल बाजारातून हद्दपार होऊ लागतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत तर अनेकदा विक्रेत्यालाही दर्जा ठाऊक नसतो! तो कळतो चोरी झाल्यानंतर.

प्रथम मेगापिक्सेल. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र १९२० बिंदू रुंद असते. अनोळखी माणसाची चेहऱ्यावरून ओळख पटवायची, तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार दर मीटरला २५० बिंदू लागतात. म्हणजे माणूस जेथे उभा राहील, तेथे दृश्याची रुंदी सुमारे साडेसात मीटरपेक्षा अधिक नसावी. सारे अंगण एकाच रुंद भिंगात सामावून घेतले, तर 'कोणीतरी आले होते' एवढेच समजते. त्यासाठी कॅमेऱ्याची गरज नाही. ते तुटलेले कुलूपही सांगते. म्हणून छताला चार कॅमेरे टांगण्यापेक्षा प्रवेशद्वारावर नेमका रोखलेला एक कॅमेरा अधिक मोलाचा.

दुसरी बाब साठवणुकीची, आणि येथेच बहुसंख्य कुटुंबांचे गणित चुकते. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने अखंड चित्रण करीत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट माहिती जमा होते. चार कॅमेऱ्यांची १५ दिवसांची माहिती जवळजवळ १,३०० गिगाबाइट. रेकॉर्डरमध्ये एक टेराबाइटची डिस्क असेल, तर ती साडेअकरा दिवसांत भरते आणि जुने चित्रण पुसले जाऊ लागते. दिवाळीत १५ दिवस गावी गेलेल्या कुटुंबाच्या घरी दुसऱ्याच रात्री चोरी झाली, तर परत आल्यावर त्यांच्या हाती काय लागणार? शिवाय वीज गेली की पहाराही थांबतो. रेकॉर्डर आणि राउटर इन्व्हर्टरवर घेण्याचा खर्च सुरुवातीच्याच अंदाजपत्रकात धरावयास हवा.

रेकॉर्डरचे घड्याळही बरोबर असावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असे चित्रण न्यायालयात सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात चित्रणावरील वेळच चुकीची असेल, तर वादाला निमित्त मिळते.

आता इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्यांविषयी. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले लक्षावधी कॅमेरे, रेकॉर्डर व राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. घरमालकांना याचा पत्ताही नव्हता. एकाच्या निष्काळजीपणाची किंमत दुसऱ्याने मोजावी, याला आम्ही बाह्य परिणाम म्हणतो, आणि अशा ठिकाणी बाजारावर विसंबता येत नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या किमान आवश्यकता अधिसूचित केल्या. त्यांची सक्ती एप्रिल २०२५ पासून सुरू झाली. हे पाऊल योग्यच होते, जरी त्यामुळे स्वस्त माल काहीसा महाग होणे अटळ असले तरी. तरीही नव्या निकषांनुसार नोंदणी झालेली आहे काय, हे ग्राहकाने विचारलेच पाहिजे आणि पासवर्ड स्वतः बदललाच पाहिजे.

शेवटी शेजाऱ्यांचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा व्यक्तीच्या निव्वळ घरगुती वापराला लागू होत नाही. पण म्हणून समोरच्या घराची खिडकी टिपण्याची मुभा मिळते, असे मानू नये. बहुतेक रेकॉर्डरमध्ये दृश्याचा नको असलेला भाग कायमचा काळा करण्याची सोय असते. जोडणी करावयास आलेल्या तंत्रज्ञाला तेवढे सांगितले, तर काम पाच मिनिटांचे आहे.