गुन्हा भयंकर, म्हणून पुरावा पुरेसा?



रात्री दरोडा पडला, माणूस मारला गेला, ही वार्ता सकाळी गावात आली की चावडीपासून बाजारापर्यंत एकच शब्द उठतो : फाशी! हा संताप खोटा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या शब्दापर्यंत पोचण्यास न्यायाधीशाला किती पायऱ्या चढाव्या लागतात, एवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

पहिली पायरी गुन्ह्याच्या स्वरूपाची. चोरीसाठी मारहाण केली किंवा जिवाची धास्ती घातली की ती जबरी चोरी होते. पाच वा अधिक जणांनी मिळून ती केली की दरोडा. दरोडा घालताना एकाने खून केला, तरी साऱ्यांनाच फाशीपर्यंत शिक्षा होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही हा जुना नियम ठेवला आहे. उलट, प्राणघातक हत्यार वापरल्याबद्दलची किमान सात वर्षांची शिक्षा ज्याने ते वापरले त्यालाच, सोबत्याला नव्हे. सुक्याबरोबर ओले केव्हा जळावे, याचाही कायद्याने असा हिशेब ठेवला आहे.

दुसरी पायरी मालाची. चोरीची पाटली लगेच एखाद्याच्या घरी सापडली, तर तो चोर आहे किंवा त्याने चोरीचा माल जाणूनबुजून घेतला, असे न्यायालय धरू शकते. पण ती पाटली खुनाची साक्ष आपोआप देत नाही.

तिसरी पायरी शिक्षेची. १९८० साली बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फाशी दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणीच द्यावी. तराजूच्या एका पारड्यात पूर्वनियोजन आणि क्रौर्य. दुसऱ्यात आरोपीचे वय, परिस्थिती आणि सुधारण्याची शक्यता. इंदूर येथे चोरीसाठी तीन स्त्रियांचे खून झाले होते. त्या खटल्यात २०२२ साली याच न्यायालयाने फाशीऐवजी किमान पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली, आणि दुसऱ्या पारड्यातील माहिती खटल्याच्या आरंभीच्या न्यायालयातच गोळा करावी, असे बजावले.

आता कोणी विचारील, एवढी चिकित्सा कशाला? उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. २००३ साली नाशिककडे एका कुटुंबावर दरोडा पडला. खून झाले, बलात्कार झाला. क्रौर्याविषयी शंका घेण्यास जागाच नव्हती. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही आरोपींची फाशी योग्य ठरविली. पुढे त्याच न्यायालयाने प्रकरण पुन्हा तपासले. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांकडील छायाचित्रांतून निराळीच चार माणसे ओळखली होती, आणि त्यांचा माग कोणी काढलाच नव्हता! २०१९ साली सहाही जण निर्दोष सुटले. सोळा वर्षे गेली ती गेलीच. आणि खरे दरोडेखोर?

श्रोतेहो, गुन्हा किती क्रूर होता, हे प्रेत सांगते. तो कोणी केला, हे प्रेत सांगत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावले, तर निरपराध मनुष्य फासाच्या दोरीखाली उभा राहतो आणि मृताच्या आप्तांनाही न्याय मिळत नाही. उद्या आपल्या गावी 'फाशी!' अशी आरोळी उठेल, तेव्हा 'कोणाला, आणि कशावरून?' एवढे विचारणारा एकजण तरी तेथे असावा, इतकीच आमची विनंती आहे.