नऊ गुणांची शिक्षा कोणाला?



इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट्समथ हे आरमारी गोदीचे, कामगारवस्तीचे शहर. तेथील फुटबॉल क्लब १८९८ साली स्थापन झाला आणि १९४९ व १९५० अशी लागोपाठ दोन वर्षे देशात अजिंक्य ठरला. या क्लबचा प्रीमियर लीगमधील २००९-१० चा हंगाम क्रीडावार्तेपुरता पाहिला तर एका वाक्यात संपतो : ३८ सामने, ७ विजय, ७ बरोबरी, २४ पराभव आणि विसावा, म्हणजे अखेरचा क्रमांक. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र तो खतावणीत वाचावयास हवा.

२००८ साली एफ. ए. चषक जिंकणारा हा संघ मालकाच्या उसन्या पैशावर उभा होता. तो ओघ आटताच चांगले खेळाडू विकले गेले, पगार थकले आणि एकाच हंगामात मालकी चार हातांतून फिरली. २६ फेब्रुवारी २०१० रोजी क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला. प्रीमियर लीगमध्ये असे प्रथमच घडले. लीगने नऊ गुण कापले, २८ चे १९ उरले. गुण कापले नसते तरी संघ तळाशीच राहिला असता. तेव्हा ही शिक्षा कागदावरची होती. खरी शिक्षा इतरांनी भोगली.

ती कोणी भोगली? कर्ज दहा कोटी पौंडांहून अधिक होते. लीगच्या नियमानुसार खेळाडूंची आणि अन्य क्लबांची देणी प्रथम व पूर्ण फेडावयाची. सरकारी करखाते आणि गावातील लहान पुरवठादार यांना मात्र पौंडामागे वीस पेन्स देऊ करण्यात आले. मैदानावर प्रथमोपचार करणाऱ्या सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या धर्मादाय संस्थेचे सुमारे २,७०० पौंडही थकले होते. ८५ कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. आणि याच संघाने टॉटनहॅमला हरवून पुन्हा चषकाची अंतिम फेरी गाठली! मैदानावरील श्रम आणि कचेरीतील मालकी यांचा परस्परसंबंध किती तुटला होता, याचा याहून बोलका दाखला नाही.

हा अपघात नव्हे. भागधारकांच्या लाभांशावर मर्यादा घालून क्लब हे नफ्याचे साधन होऊ नये, असा फुटबॉल संघटनेचा जुना नियम होता. १९८३ साली टॉटनहॅमने वर एक धारक कंपनी उभारून आणि तिचे भाग शेअरबाजारात विकून त्याला बगल दिली. १९९२ साली बड्या क्लबांनी दूरचित्रवाणीचे उत्पन्न आपल्याकडे राखण्यासाठी प्रीमियर लीग स्थापन केली. गावाची ठेव बाजारातील वस्तू झाली, ती अशी.

पोर्ट्समथचे पुढे काय झाले? २०१२ मध्ये क्लब पुन्हा प्रशासकाकडे गेला, चौथ्या श्रेणीपर्यंत घसरला. २०१३ साली दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी प्रत्येकी एक हजार पौंडांचा भाग घेऊन तो वाचविला, पुढच्याच वर्षी जुने देणे फेडले आणि २०१७ साली चौथ्या श्रेणीचे अजिंक्यपद मिळविले. परंतु त्याच वर्षी, जुनाट मैदानासाठी भांडवल हवे म्हणून, या भागधारकांनीच बहुमताने क्लब अमेरिकी उद्योगपतीला विकला.

याचा अर्थ सहकार हरला, असा नव्हे. बुडालेली संस्था सामान्य माणसांनी तारली, हे सिद्धच आहे. मात्र प्रतिस्पर्धी अमर्याद पैसा ओतत असताना एकटी सहकारी संस्था बेट बनून टिकत नाही. तिला कायद्याचा आधार लागतो. २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने स्वतंत्र फुटबॉल नियामक निर्माण केला. मालकांची पारख आता तो करील. मालकीचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. तो चाहत्यांच्या संघटित शक्तीनेच सुटेल.